मदत हवी आहे: नागल्याची खाडीकाठची वाट, भरतीची वेळ आणि मुक्काम

मंडळी, मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा वसई खाडीपलीकडचा तुकडा म्हणजे नागला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या ससूनवघरहून आत शिरायचं, उजव्या हाताला खाडी ठेवून चालत राहायचं. पुढे झाडीत पोर्तुगीज काळातलं पडकं बांधकाम आहे. कुणी चर्च म्हणतं, कुणी टेहळणीची चौकी. आठवीतला भाचा सध्या चिमाजीअप्पांच्या मोहिमेने झपाटलाय. १७३७ ला ठाणं, १७३९ च्या मे महिन्यात वसई, सगळं तोंडपाठ. घोडबंदरचा किल्ला दाखवून झाला, आता 'मामा, पलीकडचं कधी?' हा धोशा.

मागच्या थंडीत मी एकटा जाऊन अर्ध्यातून परत आलोय. (परवान्याचं विचारू नका.) त्या दिवशी अमावस्या होती हे घरी आल्यावर कालनिर्णयात दिसलं. सकाळी नऊच्या पुढे एक ओहोळ ओलांडला, पाणी जेमतेम घोट्याला. तासाभराने मागे वळलो तर तिथेच मांडीपर्यंत! कडेने तिवरांत शिरलो. तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यांत पाय ठेवायला जागा नाही. उजवी चप्पल रुतली ती गेलीच. बाजूला निवट्या (चिखलातले छोटे मासे) मजेत उड्या मारत होत्या. मग अर्धी बाटली पाणी घेऊन दगडावर बसलो, ओहोटी लागेपर्यंत.

आता येत्या पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी पाठीवर सामान घेऊन जायचा बेत आहे. चांदण्यात तिथेच तंबू ठोकता येईल का? आणि पाण्याची वेळ आधी कशी काढायची?

प्रतिसाद १
तंबू घरीच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना पाऊलसुद्धा टाकता येत नाही, मुक्काम तर लांबच. वनखात्याकडे आधी रीतसर विचारा. बिबट्याचं रान आहे, पोराला मधे चालवा आणि उन्हं उतरायच्या आत महामार्गाला लागा.

प्रतिसाद २
दादा, पौर्णिमा कशाला निवडलीत? अमावस्येला फसलात तेच उधाण पौर्णिमेलाही. आमच्याकडे होडीवाले तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, म्हणजे तुम्ही चालत असताना पाणी चढणार. खाडीत आत पाणी पोचायला अजून थोडा वेळ धरा. त्यापेक्षा आठवडाभर थांबा, वद्य अष्टमीला जा. भांगाचं पाणी, चढउतार कमी. पहाटे सहाला भरती, बाराला सुकती. सातला निघालात तर जाताना पाणी उतरतंच असेल. दुपारी मात्र रेंगाळू नका, एकनंतर पुन्हा चढायला लागतं.

धागाकर्ता
काका, हे पाऊणपटीचं गणित भाच्याला दिलं, तो सगळ्या तिथी लिहून बसलाय. तंबू रद्द, पौर्णिमाही रद्द. सोमवारी वनखात्याच्या कार्यालयात जातो. एकच राहिलं, चिखलासाठी गमबूट घेऊ का?

प्रतिसाद २
नको. रुतला की पाय वर येतो, बूट खालीच राहतो. जुने नाडीचे बूट घट्ट बांधा. आणि चप्पल शोधू नका आता.