‘दाराची किल्ली’ इंग्रजीत नेताना : ‘ऑफ’, ‘टू’, ‘ऑन’ की ‘ॲट’?

प्रश्न : ‘दाराची किल्ली’, ‘दाराची मूठ’, ‘दाराचे कुलूप’ आणि ‘दाराची फट’ या चारही ठिकाणी मराठीला षष्ठीचा एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत मात्र ‘की टू द डोअर’, ‘हँडल ऑफ द डोअर’, ‘लॉक ऑन द डोअर’ आणि ‘गॅप अंडर द डोअर’ अशी चार निरनिराळी शब्दयोगी अव्यये येतात. यामागे काही नियम आहे, की हे सारे पाठच करावे लागते?

उत्तर : काही भाग पाठ करावा लागतो, परंतु बराचसा समजून घेता येतो. मुख्य गोष्ट अशी की, येथे अव्ययाची निवड ‘दार’ या शब्दावरून होत नाही. ती त्याच्या आधी येणाऱ्या नामावरून आणि त्या नामाचे दाराशी जे नाते असेल त्यावरून होते.

‘की’ हे नाम आपले अव्यय जणू सोबत घेऊनच येते. ‘आन्सर’, ‘सोल्यूशन’, ‘एन्ट्रन्स’, ‘ॲक्सेस’ ही नामेही त्याच गटातली आहेत. या सर्वांत कशाची तरी उकल करण्याचा किंवा कोठेतरी पोहोचण्याचा अर्थ आहे आणि म्हणून त्यांना दिशा दाखवणारे ‘टू’ जुळते. उत्तर प्रश्नाचा भाग नसते, तशी किल्लीही दाराचा भाग नसते. मराठीतला ‘-चा, -ची, -चे’ हा प्रत्यय मात्र भाग, मालकी, उपयोग आणि दिशा यांत भेद करीत नाही, त्यामुळे मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून ‘आन्सर ऑफ द क्वेश्चन’ आणि ‘की ऑफ द डोअर’ अशा रचना सहज उतरतात. गंमत अशी की, यांतली दुसरी रचना इंग्रजीत अगदीच अनोळखी नाही. ब्रिटनमध्ये एकविसाव्या वर्षी सज्ञान झालेल्या मुलाला घराची किल्ली देण्याचा संकेत होता आणि त्या संदर्भात ‘की ऑफ द डोअर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1970 पासून इंग्लंडमध्ये सज्ञानतेचे वय अठरा झाले, तरी बिंगोच्या खेळात 21 हा आकडा आजही याच शब्दांनी पुकारला जातो. मात्र तो ठरीव प्रयोग आहे. नेहमीच्या लेखनात ‘टू’ वापरावे हेच बरे.

मूठ हा दाराचा घटक आहे, म्हणून तेथे ‘ऑफ’ चालते. ती दारावर बसवलेली वस्तू म्हणून पाहिली तर ‘ऑन’ही चालते. कुलूप, पाटी, तोरण आणि कडी यांच्याकडे इंग्रजी बहुधा पृष्ठभागावर लावलेल्या वस्तू म्हणून पाहते आणि ‘ऑन’ योजते. दाराच्या जाडीत असलेल्या गोष्टींसाठी ‘इन’ येते, जसे ‘होल इन द डोअर’ किंवा दारात बसवलेल्या काचेसाठी ‘पेन इन द डोअर’. ‘की इन द डोअर’ ही किल्ली कुलपात घातलेली असते, तर ‘की टू द डोअर’ ही किल्ली खिशातही असू शकते. एकच नाम, एकच दार, आणि अव्यय बदलताच किल्लीची जागा ठरते.

खरी अडचण ‘दारात’ आणि ‘दारावर’ या आपल्या शब्दांपाशी येते, कारण मराठीत ‘दार’ म्हणजे केवळ लाकडाची फळी नव्हे, तर घरापुढची जागाही होय. ‘दारातली रांगोळी’ चौकटीत नसते, दारापुढे असते. ‘दारातली गाडी’ अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला उभी असते. येथे ‘इन द डोअर’ लिहिले तर रांगोळी फळीत कोरली आहे की काय, अशी शंका यावी. ‘दारावर येणारा भाजीवाला’ इंग्रजीत ‘ॲट द डोअर’ असतो, कारण आत येऊ पाहणारा, हाक मारणारा किंवा वाट पाहणारा मनुष्य तेथे त्या अव्ययाने दाखवला जातो. याउलट ब्रिटिश बोलीत ‘द मॅन ऑन द डोअर’ म्हणजे प्रवेशद्वाराशी तिकिटे तपासणारा किंवा नको त्या माणसाला अडवणारा पहारेकरी. ‘दारावरचा माणूस’ याचे शब्दशः भाषांतर केल्यास बिचाऱ्या भाजीवाल्याला भलतीच नोकरी मिळेल! दारावरच्या थापेला मात्र ‘नॉक ॲट द डोअर’ आणि ‘नॉक ऑन द डोअर’ अशा दोन्ही रचना चालतात. पहिलीत कोणीतरी आल्याची सूचना अधिक आहे, दुसरीत फळीवर हात आपटल्याची.

दार हेच मुख्य नाम असेल तेव्हाही हाच भेद दिसतो. ‘डोअर ऑफ द कार’ म्हणजे गाडीचा एक भाग, तर ‘डोअर टू द टेरेस’ म्हणजे गच्चीवर नेणारे दार. गच्चीचे दार गच्चीचा अवयव नसल्यामुळे तेथे ‘ऑफ’ कानाला खटकते. ही छटा मराठीला दाखवता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. ‘परसाकडचे दार’ किंवा ‘गच्चीवर जायचे दार’ असे आपण म्हणतोच आणि इंग्रजीतल्या ‘टू’चे खरे भाषांतर तेच आहे. आपण ते गरजेपुरते वापरतो, एवढेच.

उपप्रश्न : मग प्रत्येक इंग्रजी अव्ययापुढे ‘-चा’ जोडून मराठी विशेषण करता येईल का?

उत्तर : नाही. ‘दारावरची पाटी’, ‘दाराखालची फट’, ‘दारामागचा झाडू’, ‘दारापासूनचे अंतर’ ही रूपे सहज होतात. ‘दारात’पासून ‘दारातला’ होते. परंतु ‘दाराला’ आणि ‘दारातून’ यांना हा प्रत्यय लागत नाही. ‘दाराला कुलूप आहे’ हे वाक्य बरोबर असले, तरी त्यावरून ‘दारालाचे कुलूप’ होणार नाही. ‘दाराला लावलेले कुलूप’ असे धातुसाधित आणावे लागते. त्याचप्रमाणे ‘द व्ह्यू थ्रू द डोअर’ याचे मराठी ‘दारातून दिसणारे दृश्य’ असेच होईल. इंग्रजीत जे क्रियापद अध्याहृत राहते, ते मराठीत येथे उच्चारावेच लागते. अनुवादात हे क्रियापद गाळण्याचा हट्ट धरला की वाक्य कृत्रिम होते.

एका बाबतीत मात्र मराठी अधिक काटेकोर आहे. ‘ही पेंटेड द साइन ऑन द डोअर’ या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ होतात, कारण ‘ऑन द डोअर’ हा शब्दसमूह नामाला जोडायचा की क्रियापदाला, हे वाक्यातून कळत नाही. मराठीत ‘त्याने दारावरची पाटी रंगवली’ म्हटले तर पाटी आधीपासून तेथे होती. ‘त्याने दारावर पाटी रंगवली’ म्हटले तर ती त्यानेच तेथे उमटवली. अनुवादकाला येथे दोन्ही अर्थ झाकून ठेवण्याची सोय नसते. ‘-ची’ लिहायची की नाही, हे ठरवण्यासाठी त्याला मागचापुढचा मजकूर वाचावाच लागतो.