फुलकिडा विषाणू 'वाहतो' की पोसतो? 'वाहक' या शब्दाविषयी

प्रश्न

पिकांवरच्या विषाणूजन्य रोगांची माहितीपत्रिका मराठीत लिहिते आहे. त्यात फुलकिड्यांविषयी (थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक कीटक) मी एक वाक्य लिहिलं: 'फुलकिडे हे विषाणूचे वाहक असून ते रोगट झाडावरून विषाणू उचलून निरोगी झाडावर नेतात.' ते वाचून एका शेतकरीदादांनी विचारलं, "म्हणजे रोगट झाडावर बसलेला प्रत्येक फुलकिडा उडाला की रोग घेऊनच जाणार ना?" मला उत्तर देता आलं नाही. 'वाहक' हा शब्द इथे चुकतोय का? दुसरा काही आहे?

प्रतिसाद

ताई, शब्द चुकीचा नाही. चूक 'उचलून नेतात' या क्रियापदात आहे.

आधी शब्द पाहू. 'वाहक' हा 'वह्' धातूपासून आला. वाहन, वाहिनी, प्रवाह हे त्याचेच सोयरे. इंग्रजीतला 'व्हेक्टर' ज्या लॅटिन क्रियापदापासून आला तेही याच 'वह्'चं दूरचं भावंड आहे, म्हणजे भाषांतर अगदी मुळाबरहुकूम झालं आहे. अडचण अशी की 'वाहक' म्हटलं की डोळ्यांपुढे ओझं येतं. इथून उचललं, तिथे टाकलं, वाहणारा जसाच्या तसा. मावा ही रस शोषणारी बारीक कीड पुष्कळसे विषाणू खरंच असे नेते. तिच्या सोंडेच्या टोकाला विषाणू चिकटतो आणि पुढच्या झाडांवर दोन-चारदा टोचलं की संपतो.

टोमॅटोच्या ठिपके-मर रोगाचा विषाणू आणि त्याचं गणगोत, म्हणजे टॉस्पोव्हायरस (टोमॅटो स्पॉटेड विल्ट या नावातूनच 'टॉस्पो' घडलं), यांची तऱ्हा निराळी. हा विषाणू फुलकिड्याला बाळपणीच लागावा लागतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या अवस्थेत, फार तर दुसरीच्या सुरुवातीला, रोगट पानाचा रस प्यालं तरच. मग विषाणू त्याच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो, आणि तिथून लाळग्रंथींपर्यंत पोचतो. पिल्लू कोषात जातं, पंख फुटतात, आणि तो प्रौढ पुढे जन्मभर जिथे रस शोषेल तिथे लाळेबरोबर विषाणू सोडू शकतो. पिल्लूपण निरोगी झाडावर गेलेला प्रौढ मात्र रोगट झाडावर कितीही दिवस बसला तरी रोग पसरवत नाही. विषाणू त्याच्या पोटात जातो, पण लाळेपर्यंत पोचत नाही.

तेव्हा त्या दादांना उत्तर: नाही, प्रत्येक नाही. ज्याचं बालपण रोगट झाडावर गेलं तोच.

यातून शेतातली एक गोष्टही उलगडते. पिल्लाला पंख नसतात, त्यामुळे ते जन्मलं त्याच झाडावर किंवा अगदी आसपास वाढतं. म्हणून फुलकिडे नुसते कुठे दिसतात यापेक्षा ते कुठे वाढतात हा प्रश्न मोठा. हा ठिपके-मर विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो, त्यात बांधावरचं तणही आलं. पीक निघाल्यावर राहिलेलं रोगट तण हा पुढच्या पिढीचा पाळणा ठरतो. फुलकिड्याच्या अंड्यातून मात्र विषाणू उतरत नाही, दर पिढीला नव्याने लागण व्हावी लागते.

आणखी एक प्रतिसाद

वरचं पटलं, पण सगळ्याच विषाणूंना ते लावू नका. तंबाखूच्या स्ट्रीक विषाणूचं, जो सूर्यफूल आणि भुईमुगातही रोग आणतो, गणित वेगळं आहे. तो रोगट झाडाच्या परागकणांत असतो. परागकण अंगाला लागलेला फुलकिडा पान खरवडतो आणि त्या जखमेतून विषाणू आत जातो. कीटकाच्या शरीरात काही वाढत नाही. इथे 'वाहक' शब्दशः खरा.

प्रश्नकर्ती

मग 'अळी' म्हणू की 'पिल्लू'? शब्दकोशात 'लार्व्हा'ला अळी आहे.

प्रतिसाद

'पिल्लू'च. अळी म्हटलं की पान कुरतडणारी, प्रौढापेक्षा अगदी निराळी दिसणारी कीड आठवते. फुलकिड्याचं पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, फक्त बिनपंखी. कृषी सल्ल्यांतही 'पिल्ले व प्रौढ' असंच लिहितात. आणि तुमच्या पत्रिकेत सगळा भार याच शब्दावर आहे, तो नेमका हवा.

'थ्रिप्स' लिहिणार असाल तर एकवचनीही 'थ्रिप्स'च. शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही, मूळ ग्रीक शब्दातलाच आहे. 'एक थ्रिप' लिहू नका.

एक विनंती, 'चुरडा-मुरडा' जपून वापरा. मिरचीची पानं आक्रसली की आपण सरसकट तो शब्द वापरतो, पण ते लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही. फुलकिड्यांनी नुसता रस शोषला तरी पानाच्या कडा वर वळतात, विषाणू नसतानाही. कोळी किडीमुळे त्या खाली वळतात. आणि पानं आक्रसवणारा पर्णगुच्छाचा (लीफ कर्ल) विषाणू पसरवते पांढरी माशी, फुलकिडा नव्हे. 'फुलकिड्यांमुळे चुरडा-मुरडा व्हायरस येतो' असं वाक्य मी छापील मजकुरातही वाचलं आहे. त्यात तिन्ही गोष्टींची गल्लत आहे, आणि ते वाचून माणूस भलतंच औषध फवारतो. याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं: 'फुलकिड्यांची पिल्ले रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू घेतात, तो त्यांच्या शरीरात वाढतो, आणि पंख फुटल्यावर तेच फुलकिडे तो निरोगी झाडांत सोडतात.' 'वाहक' शीर्षकात ठेवला. स्ट्रीक विषाणूसाठी परागकणांचं वाक्य वेगळं लिहिते आहे.

प्रतिसाद

'सोडतात'च्या आधी 'लाळेवाटे' घाला. मग चालेल.