चार्लीविना स्टोन्स : नव्या संचातलं जुनं नाटक?

ठेकेदार :
काल गाडीत 'हॅकनी डायमंड्स' परत लावला आणि परत अर्ध्यातच बंद केला. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ऑक्टोबर २०२३चा अल्बम. ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१मध्ये गेला, त्यानंतरचा पहिलाच स्टुडिओ अल्बम. १२ गाण्यांपैकी फक्त दोनांत चार्ली आहे, तेही आधी करून ठेवलेलं. बाकी जवळजवळ सगळीकडे ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. त्याच्या तयारीबद्दल वादच नाही. पण चार्ली स्नेअर ड्रमवर फटका मारायचा तेव्हा हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलून घ्यायचा. त्या एवढ्याशा मोकळ्या जागेत सगळी गंमत होती. कीथची गिटार जरा पुढे, चार्ली केसभर मागे. आता सांडतंय की काय असं वाटायचं आणि सांडायचं नाही. इथे सांडायची भीतीच नाही, सगळं फरशी पुसल्यासारखं लख्ख.
माझं मत : हा अल्बम करायलाच नको होता. ड्रमर बॉनम गेल्यावर लेड झेपेलिन बँडनी १९८०मध्ये दुकान बंद केलं. इभ्रत म्हणतात ती ही.

गिरगावकर :
साफ असहमत. झेपेलिनचा संसार १२ वर्षांचा, ह्यांचा ६० वर्षांचा. ऐंशीला टेकलेल्या माणसांनी दुसरं करायचं काय, नातवंडं सांभाळायची? आणि ब्रायन जोन्स १९६९मध्ये गेला, बँड मुळात त्याने उभा केलेला. त्यानंतरच 'स्टिकी फिंगर्स' अल्बम आला, 'एक्झाइल' आला. तेव्हा थांबले असते तर?
शिवाय २०२१च्या दौऱ्याला आपल्या जागी जॉर्डनला चार्लीनेच बोलावलं होतं. गादी त्याने स्वतः सोपवली, आपण कोण हरकत घेणारे?

ठेकेदार :
दौऱ्यापुरती सोपवली हो! बदली कामगार आणि कायम नोकरी यांत फरक असतो. जोन्सचं उदाहरणही लागू नाही. शेवटी शेवटी तो फारसा वाजवतच नव्हता, जायच्या आधी महिनाभर त्याला बँडमधून काढलंही होतं. चार्ली जानेवारी १९६३पासून त्या स्टुलावर होता. एप्रिल २००३मध्ये ब्रेबॉर्नला मी पाहिलंय. गायक मिक इकडून तिकडे पळतोय आणि मागे हा गृहस्थ बँकेत पासबुक भरून घ्यायला आल्यासारखा शांत.

निमाताई :
तुम्ही दोघं भलत्याच माणसाला धरून भांडताय. याच अल्बममधलं 'लिव्ह बाय द स्वोर्ड' ऐका. चार्ली आहे, बेसवर ३० वर्षांपूर्वी बँड सोडलेला बिल वायमन आहे, म्हणजे जुनी जोडी. पण आवाज? बाकीच्या गाण्यांसारखाच, अंगावर येणारा. माझ्या नवऱ्याला न सांगता लावून दाखवलं, ड्रमर ओळखता आला नाही त्याला (तो एरवी स्वतःला फार मोठा कानसेन समजतो). तबलजी बदलला म्हणून ओरडताय, पण माइकचा कारभारच दुसऱ्याच्या हाती गेलाय. निर्माता अँड्र्यू वॉट. बोला त्याला काय बोलायचं ते.

ठेकेदार :
हं. हे कबूल. आता वाटतंय, लख्खपणाचं पाप जॉर्डनच्या माथी उगाच मारलं. पण मग उलट जास्तच वाईट झालं की! चार्ली असूनही ओळखू येऊ नये?

गिरगावकर :
सगळाच अल्बम तसा नाहीये. शेवटचं गाणं घ्या, जुना ब्लूज गायक मडी वॉटर्सचं. याच गाण्यावरून बँडला नाव मिळालं. फक्त मिक आणि कीथ : गिटार, माउथ ऑर्गन, आवाज. ड्रमच नाहीत. मला तर वाटतं, तिथे त्यांनी मुद्दाम कुणालाच बसवलं नाही.

ठेकेदार :
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! ती जागा रिकामी ठेवली की गाणं जमतं.

गिरगावकर :
एक मिनिट. तुम्ही तर अल्बम अर्ध्यात बंद करता. ते गाणं सगळ्यात शेवटी आहे. ऐकलंय का?

ठेकेदार :
...आज रात्री ऐकतो.

निमाताई :
😄 गाडीत नको, हेडफोन लावून ऐका.