क्रूझवर दुसऱ्याची केबिन बघायला जाणं: ओळखपाळख की नसती चौकशी?

विश्रामबागकरीण
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही सांगली-साताऱ्याची सव्वीस माणसं मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आलो. प्रवास झकास झाला, खाणं जरा जास्तच झालं. पण एका गोष्टीवरून घरात अजून धुसफूस चालू आहे, म्हणून इथे विचारते.

निघायच्या महिनाभर आधी प्रवाशांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला होता. त्यात कुणीतरी टूम काढली की जहाज दिवसभर समुद्रातच असेल त्या दिवशी ‘केबिन टूर’ करू. बिनखिडकीची आतली, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि सूट म्हणजे सगळ्यांत ऐसपैस, अशी प्रत्येक प्रकारातली एकेक केबिन ज्याची त्याने उघडून दाखवायची, बाकीच्यांनी रांगेने बघत जायचं. परदेशी जहाजांवर हे जुनंच आहे म्हणे, ‘केबिन क्रॉल’ म्हणतात त्याला. आतल्या केबिनीसाठी आमच्या ह्यांनी मला न विचारता आमचं नाव देऊन टाकलं!

सकाळी साडेदहापासून माणसं यायला लागली. आमची खोली म्हणजे दीडशे चौरस फूट, त्यात पलंग, कपाट, न्हाणीघर सगळं आलं. एकावेळी चौघं आत, बाकीचे दारात माना काढून. एका बाईंनी सरळ कपाट उघडलं. आत माझा चिवड्याचा डबा. “अय्या, इथेही चिवडा!” दुसरीने विचारलं, “खिडकी नाही, मग गुदमरत नाही का?” आणि शेवटी सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनावर: “कितीला पडली?”

आमच्या जाऊबाईंची केबिन बाल्कनीची होती. रांग तिथे पोचली तेव्हा त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “तुम्ही पैसे वाचवलेत ते बरं केलंत.” वाचवले! पुढचे दोन दिवस तो शब्द दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा मला टोचत होता.

माझं म्हणणं एवढंच. भेटायचं तर डेकवर भेटा, भेंड्या लावा, नाचा, काय वाटेल ते करा. निजायची खोली ही चार लोकांना दाखवायची वस्तू नाही.

हळदगल्ली
ताई, सांगलीत राहून हे बोलताय? आपल्याकडे वास्तुशांतीला आलेली माणसं जेवणाआधी काय करतात? मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या ओढून बघतात, बाथरूममधला नळ सोडून प्रेशर बघतात, गच्चीवर जाऊन टाकी किती लिटरची ते विचारतात. घरमालकाने दाखवलं नाही तर “काय लपवतोय?” म्हणतात. केबिन टूर म्हणजे समुद्रातली वास्तुशांती. फक्त प्रसाद नाही.

विश्रामबागकरीण
वास्तुशांतीला घर आवरलेलं असतं हो! आणि तिथे येणारी माणसं आपण बोलावलेली असतात. कपाट तिथेही कुणी उघडत नाही.

हळदगल्ली
तुमच्याकडे उघडत नसतील.

बाल्कनीच_पाहिजे
मी टूरच्या बाजूने, आणि कारण अगदी रोकडं आहे. क्रूझच्या जाहिरातीतला फोटो असा कोनातून काढतात की खोली हॉलएवढी दिसते. प्रत्यक्षात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ‘सी व्ह्यू’ म्हणून घेतलेल्या खिडकीसमोर लाइफबोट लटकत असते. पूल डेकच्या बरोबर खालची केबिन घेतली तर पहाटेच वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज. दोन खोल्यांच्या मधे जोडणारं दार असेल तर शेजारच्यांचं भांडण तोंडपाठ होतं. एका तासात पाच केबिनी बघितल्या की पुढच्या वेळी काय घ्यायचं ते पक्कं. 2024 साली मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर 2,805 केबिनी आहेत आणि त्यांचे प्रकार मोजता मोजता माणूस दमतो. एवढे पैसे मोजायचे तर आंधळेपणाने का?

आणि एक. मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांचा मोहल्ला वेगळा असतो. नॉर्वेजियन कंपनीचं ‘द हेवन’, एमएससी कंपनीचा ‘यॉट क्लब’, तिथे तुमचं कार्ड लावलं तर दार उघडतच नाही. आतल्या केबिनीतल्या माणसाला सूट बघायची एकच वाट, ती म्हणजे सूटवाल्याने स्वतः बोलावणं. आमच्या वेळी एका गुजराती काकांनी बोलावलं, मशीनची कॉफीसुद्धा पाजली.

विश्रामबागकरीण
आमच्या सूटवाल्यांनी ऐनवेळी “मिसेसची तब्येत बरी नाही” म्हणून दार उघडलंच नाही. संध्याकाळी मिसेस गरब्यात पुढे होत्या. दाखवायला मात्र आम्ही, आतली केबिनवाले.

जहाजावरचा_सातारी
मी नऊ वर्षं क्रूझवर केबिन स्टुअर्ड होतो, आता पोवई नाक्याजवळ दुकान आहे. प्रवाशांना दिसत नाही ती बाजू सांगतो.

पंधरा-वीस केबिनी एकट्याकडे. सकाळी लोक नाश्त्याला गेले की त्या आवरायच्या. नेमक्या त्याच वेळी चाळीस माणसांची रांग कॉरिडॉरमध्ये. तो कॉरिडॉर केवढा? समोरून कुणी आलं की एकाने अंग चोरायचं, एवढा. माझी चादरींची गाडी एका टोकाला अडकलेली आणि मी “एक्स्क्यूज मी” म्हणत उभा. टूर ठरली की आदल्या रात्री प्रवासी येऊन सांगायचे, “उद्या लवकर आवर, टॉवेलच्या घड्या घालून हत्ती पण कर.” कुणी प्रेमाने सांगायचं, कुणी हुकूम सोडायचं.

दुसरं, ग्रुपवर लोक केबिन नंबर टाकून मोकळे होतात. तो नंबर शेदोनशे अनोळखी लोकांच्या मोबाईलवर जातो. कित्येक कंपन्या खोलीच्या कार्डावर नंबर छापत नाहीत, ते कार्ड हरवलं तर कुणी दार शोधत येऊ नये म्हणून. आणि आपण?

तिसरं नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांची साथ जहाजावर हाताळलेल्या वस्तूंवरून भराभर पसरते, आणि त्याला सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, साबणानेच हात धुवावे लागतात. चाळीस जणांनी पाच दारांच्या मुठी धरायच्या आणि तसंच बुफेला जायचं?

डेकवरच्या भेटीगाठींना माझा विरोध नाही. त्यासाठी जहाजावर हॉल मिळतो, आधी विचारलं तर बऱ्याचदा चहा-बिस्किटंही.

कंदी_पेढा
दादा, सगळं खरं. पण धक्के मारत बुफेच्या रांगेत उभी राहणारी तीच माणसं केबिन टूरला आली की एकदम रोगजंतू? लिफ्टची बटणं कोण दाबतं? चमचे कोण धरतं?

जहाजावरचा_सातारी
लिफ्ट टाळता येत नाही. टूर टाळता येते.

कोरेगावची_एकटी
मी कधी लिहीत नाही इथे, वाचते. हे गेल्यावर दोन वर्षांनी मी पहिल्यांदा एकटी क्रूझला गेले. एकट्या माणसालाही बहुतेक दोघांचंच भाडं पडतं, कारण केबिनचा दर दोघांच्या हिशेबाने लावलेला. ते भरलं. पहिले दोन दिवस जेवताना वेटरशिवाय कुणाशी बोलले नाही. सगळे जोडीने नाहीतर कुटुंबाने. गाण्याच्या कार्यक्रमाला जाऊन बसायचे, पण तिथे अंधार आणि आवाज, ओळख कशी व्हायची?

तिसऱ्या दिवशी केबिन टूरची चिठ्ठी कुणीतरी दिली. मी माझी केबिन उघडली. दुसऱ्या पलंगावर मी माझ्या साड्यांच्या घड्या मांडून ठेवल्या होत्या, तो रिकामा दिसू नये म्हणून. मिरजेच्या एक बाई आत आल्या, त्या घड्यांकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या. रांग पुढे गेली तरी बसून राहिल्या. त्यांचेही गेलेले होते. आज आम्ही महिन्यातून एकदा भेटतो, कधी त्या येतात, कधी मी मिरजेला जाते.

डेकवर भेटलो असतो तर “नमस्कार, कुठल्या तुम्ही” यापलीकडे गेलो नसतो.

विश्रामबागकरीण
ताई, तुमचं वाचून गप्प झाले. पण खरं सांगू का, तुमच्याकडे एक बाई बसल्या म्हणून ते घडलं. रांगेतल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांनी काय केलं? नुसतं बघून गेले ना?

कोरेगावची_एकटी
गेले. एकाने विचारलंही, “एकट्याच एवढ्या खर्चात?” पण त्या एकोणचाळीसांची रांग नसती तर चाळिसाव्या बाई आल्या नसत्या.

हळदगल्ली
आता यावर मी काय बोलू. पाच वाजलेत, चहा टाकतो.

बाल्कनीच_पाहिजे
मधला मार्ग काढता येईल की. केबिन नंबर ग्रुपवर टाकायचे नाहीत, एकाने डेकवर जमवून सहा-सहा जणांच्या टोळ्या करायच्या, आवराआवरीची वेळ सोडून दुपारी जायचं, स्टुअर्डला आधी सांगून टीप द्यायची. आणि भाव विचारायचा नाही.

कंदी_पेढा
भाव विचारायचा नाही? मग मराठी माणूस येणार कशाला?

जहाजावरचा_सातारी
टीप मात्र लक्षात ठेवा. हत्ती फुकट होत नाही.

बाल्कनीवाली_जाऊबाई
ताई, तुम्हीच लिहिलंय हे वाक्यावाक्यातून कळलं. सुपारी वगैरे वाचून तर खात्रीच. ते ‘वाचवलेत’ टोमणा नव्हता हो. आमच्या ह्यांना पहिल्याच रात्री बोट लागली. वरच्या डेकवर हलतं जास्त, आणि बाल्कनीत समोर पाणी वर-खाली होताना दिसलं की आणखीच. दोन दिवस पडदा ओढून पडले होते. त्या पडद्यासाठी किती जास्त मोजले ते मला माहीत, म्हणून तसं निघालं तोंडातून. शेवटी दुपारचे झोपायला ते कुणाच्या खोलीत येत होते, तेही लिहा की! तुमची केबिन खाली, जहाजाच्या मधोमध, पाळण्यासारखी. लोकांना दाखवण्यासारखी तीच होती खरं तर.

टूरला पुढच्या वेळीही मी दार उघडणार. तुम्ही उघडू नका, चालेल.

विश्रामबागकरीण
भावजी झोपायला येत होते, आणि उठून चिवडा कोण खात होतं? डबा अजून तुमच्याकडे आहे. झाकणासकट पाठवा.