मदत हवी आहे: डाव्या डोळ्यात वीज चमकते, साताऱ्यात रविवारी रेटिना तपासणी होईल का?

शेजारच्या काकू, वय ६१, जुना नंबर उणे ७, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कालपासून अंधारात मान वळवली की डाव्या डोळ्याच्या कानाकडच्या कडेला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी चमक येते. सोबत कोळिष्टकासारखं काहीतरी तरंगतंय. दुखत नाही, लालीही नाही. एकेक डोळा झाकून पाहिलं, चमक डाव्यातच. मायग्रेन वाटत नाही. त्यात नागमोडी चकाकी सहसा दोन्ही डोळ्यांनी दिसते आणि अर्ध्या-पाऊण तासात विरते.

बहुधा डोळ्यातली जेली आकसून मागच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटतेय. वयानुसार हे होतंच, पण सुटताना ती पडदा ओढते, कधी फाडते. मोठा नंबर आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्हींनी धोका वाढतो. नुसती फाट असेल तर भोवती लेसर मारून बहुतेकदा भागतं. तिच्यातून पाणी मागे शिरलं की पडदा सुटतो, मग मोठं ऑपरेशन. म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून किंवा मेडिकलमधले ड्रॉप घालून उपयोग नाही. बाहुली मोठी करून पडदा पार कडेपर्यंत पाहणारा रेटिनातज्ज्ञ हवा, लेसर तिथेच असेल तर उत्तम.

सातारा-कराड भागात आज असं कोणी आहे का, की सरळ पुणं गाठावं? बाहुली मोठी केल्यावर ४-६ तास धूसर दिसतं, म्हणून गाडीला ड्रायव्हर ठरवलाय. कडेने काळी सावली सरकू लागली तर उत्तराची वाट न बघता निघतोय.