‘हम आपके हैं कौन..!’ : निशाचे मौन हा त्याग मानावा की घराचा दोष?

गोदाकाठ :
सूरज बडजात्या यांचा हा चित्रपट १९९४ च्या ऑगस्टमध्ये आला. लग्नसराईत नाशकातल्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर त्यातली गाणी आजही वाजतात आणि नवरदेवाचे जोडे लपवण्याचा खेळ तर आता कानपिळीइतकाच आपला वाटू लागला आहे. रीमा लागू, रेणुका शहाणे, लक्ष्मीकांत बेर्डे, माधुरी दीक्षित आणि संगीतकार रामलक्ष्मण अशी आपली माणसे त्यात असल्यामुळे मराठी घरांनी तो परका मानलाच नाही. माझेही त्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच त्याच्या उत्तरार्धाबद्दल मला गांभीर्याने बोलायचे आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. राजेश आणि पूजा यांचे लग्न होते. पूजाची धाकटी बहीण निशा आणि राजेशचा धाकटा भाऊ प्रेम यांचे एकमेकांवर मन जडते. हे पूजाला कळते, पण घरातल्या मोठ्यांना सांगण्यापूर्वीच ती जिन्यावरून पडते आणि दगावते. तिच्या तान्ह्या बाळासाठी निशाचे लग्न राजेशशी ठरते. आपले लग्न प्रेमशीच ठरले आहे अशा समजुतीत निशा असते आणि खरे काय ते कळल्यावर ती गप्प राहते. प्रेमही गप्प राहतो. हे मौन त्याग म्हणून आपल्यासमोर गौरवाने मांडले आहे. माझ्या मते तो त्याग नव्हे. ज्या घरात चौदा गाणी होतात, पण मुलीला समोर बसवून एक सरळ प्रश्न विचारला जात नाही, त्या घराचा तो दोष आहे. निशाचे वडील तर प्राध्यापक आहेत.

शिवाय बाळाला मावशीच आई म्हणून हवी, हा युक्तिवाद त्याच घराचा इतिहास खोडून काढतो. राजेश आणि प्रेम या आईवडिलांविना वाढलेल्या पुतण्यांना कैलासनाथांनी लहानाचे मोठे केले आणि दोघेही उत्तम निघाले. मग तिसऱ्या मुलासाठी एका तरुणीचे आयुष्य का मागावे लागले?

निफाडकर :
आपला मुद्दा विचार करायला लावतो, पण मला तो मान्य नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झाली नाही. आमच्या घरात हे प्रत्यक्ष घडले आहे. माझ्या आईची थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि त्याच घरी धाकटी दिली. द्राक्षबागेचे घर, छाटणीपासून खुड्यापर्यंत कामाची झुंबड आणि त्यात दोन लेकरे. त्या मावशीने त्यांना सावत्रपणाचा वाराही लागू दिला नाही. तिच्या आयुष्याला कोणी ‘घराचा दोष’ म्हटले, तर मला ते सहन होणार नाही.

कैलासनाथांचे उदाहरण मी उलट बाजूने वाचतो. आईविना वाढणे म्हणजे काय हे त्या दोन भावांनी सोसले होते, म्हणूनच बाळाच्या वाट्याला तेच येऊ नये असे प्रेमला वाटले. वाटणे आणि बोलणे यांत त्याने वाटण्याला मान दिला, इतकेच. प्रत्येक भावना मोठ्यांपुढे मांडलीच पाहिजे, हा आग्रह आजचा आहे.

कॉलेज रोडची वाचक :
निफाडकर दादा, तुमच्या मावशींविषयी आदर ठेवूनच लिहिते. याच निर्मितीसंस्थेचा १९८२ चा ‘नदिया के पार’ आठवा, ज्यावरून हा चित्रपट पुन्हा बांधला गेला. केशवप्रसाद मिश्र यांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटात खेडे आहे. सचिन पिळगांवकर आणि साधना सिंह यांची ती जोडी मोठ्यांपुढे बोलत नाही, हे त्या मातीत पटते. निशाचे तसे नाही. वऱ्हाडाला अडवून जोड्यांचे पैसे वसूल करणारी, थट्टामस्करीत कोणालाही हार न जाणारी ही शिकलेली मुलगी स्वतःच्या लग्नाची वेळ येताच मुकी होते, तेव्हा कथेला तिचे मौन सोयीचे आहे म्हणून ते तिच्यावर लादले आहे असे मला वाटते.

आणि राजेशचे काय? त्याचे दुःख ओले असताना त्याला दुसऱ्यांदा बोहल्यावर उभे केले जाते. त्याचा होकार हाही बाळासाठीच असतो, याची चर्चा आपण कधी करत नाही.

निफाडकर :
ताई, राजेशविषयीचे तुमचे म्हणणे मला पटते. परंतु त्याच्याच हातून शेवट होतो, हेही लक्षात घ्या. निशाने प्रेमसाठी लिहिलेली चिठ्ठी घरातला कुत्रा टफी राजेशकडे नेतो, राजेश ती वाचतो आणि भर मांडवात लग्न थांबवतो. घर दुष्ट असते, तर हे घडले नसते. त्याग करणारे आणि त्याग नाकारणारे दोघेही तिथे आहेत, हेच मला या चित्रपटाचे मोठेपण वाटते.

गोदाकाठ :
घर दुष्ट आहे असे मी म्हटलेले नाही. उलट, चिठ्ठी वाचताच राजेश क्षणभरही अडत नाही, यावरून आधी विचारले असते तर सगळे सुरळीत झाले असते, हेच सिद्ध होते. इतक्या प्रेमळ माणसांत सत्य पोहोचवायला एका मुक्या जनावराची चूक लागावी, याचे मला वाईट वाटते. आपल्या मावशींविषयी विचारतो, राग मानू नये : त्यांना त्या वेळी कोणी विचारले होते का?

निफाडकर :
विचारले होते. आजोबांनी स्वतः तिला विचारले आणि नाही म्हटलीस तरी चालेल, असेही सांगितले, हे ती आम्हाला अभिमानाने सांगत असे. तेव्हा विचारण्याच्या रीतीविषयी आपला आणि माझा वाद नाही. पण बाळासाठी पुढे आलेल्या मुलीच्या मौनात केवळ लाचारी पाहणे मला आजही अन्यायाचे वाटते, आणि निशाच्या बाबतीत माझे मत तेच राहील.