एकच जनुकीय बदल ईएचआरमध्ये दोनदा मोजला जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जनुकीय तपासण्यांचे अहवाल ईएचआरमध्ये (रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींत) आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रक्त-लघवीचे रिपोर्ट आम्ही एचएल७ फायर या आरोग्य-माहिती देवाणघेवाणीच्या मानकातून घेतो, पण जनुकांच्या बाबतीत मी कच्चा लिंबू.

आजवर प्रयोगशाळेची पीडीएफ नुसती जोडून ठेवायचो. डॉक्टर वाचायचे, संगणकाला ओ की ठो कळायचं नाही. आता क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) लिहून देताना सीवायपी२सी१९ या जनुकाचा निकाल बघून सूचना यायला हवी, कारण हे औषध शरीरात मुख्यतः याच जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइममुळे कामाला लागतं.

चाचणीसाठी एकाच काल्पनिक रुग्णाचे दोन रिपोर्ट घातले. दोन्हींत स्टार २ (या जनुकाचं काम न करणारं रूप), जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीवर. पण एकात जागा गुणसूत्र १०, ९६५४१६१६ आणि दुसऱ्यात ९४७८१८५९. प्रणालीने दोन बदल धरले आणि 'मध्यम' चयापचयाचा माणूस थेट 'मंद' करून टाकला! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला: जागा मोजायला वापरतात त्या मानवी जीनोमच्या संदर्भ नकाशाच्या आवृत्त्याच वेगळ्या; पहिला रिपोर्ट जीआरसीएच३७ वर (२००९), दुसरा जीआरसीएच३८ वर (२०१३).

मग जुळवायचं कशावर? आरएस४२४४२८५ या क्रमांकावर (डीबीएसएनपी या डेटाबेसने या बदलाच्या जागेला दिलेला) चालेल? आणि सापडलेल्या सगळ्या बदलांची यादी असलेली अख्खी व्हीसीएफ फाइल ईएचआरमध्ये ठेवायची का?

प्रतिसाद १
नुसत्या आरएस क्रमांकावर नको. एकाच क्रमांकाखाली कधी कधी डीएनएची दोन-तीन वेगळी अक्षरं, म्हणजे वेगवेगळे बदल असतात. क्लिनजेन अ‍ॅलील रजिस्ट्री (जनुकीय बदलांची नोंदवही) हिचा ओळखक्रमांक दोन्ही आवृत्त्यांना एकच असतो, त्यावर जुळवा. मूळ जागा आली तशीच ठेवा, सोबत आवृत्ती सक्तीची करा (त्यासाठी लॉइंक या तपासण्यांच्या संकेतसूचीतला संकेत ६२३७४-४). व्हीसीएफ बाहेर ठेवा, आत फक्त दुवा.

बदल, जीनोटाइप (दोन्ही प्रती मिळून होणारी जोडी) आणि औषधाबद्दलचा अर्थ ही तीन वेगळी ऑब्झर्वेशन (फायरमधल्या नोंदी) करा. अर्थ पुढे बदलू शकतो, बदल तोच राहतो.

आणि 'स्टार १' (म्हणजे सामान्य रूप) दिसला की हुरळून जाऊ नका. जे तपासलं त्यात काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काय तपासलं तेही नोंदवा.

धागाकर्ता
बाप रे, स्टार १ चं डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या एका रिपोर्टमध्ये फक्त स्टार २ आणि ३ तपासलेले असतात, आणि आम्ही तो 'सामान्य' म्हणून साठवतोय. आधी ते निस्तरतो, मग जुळवणीकडे वळतो.